घोट्याखालची नाडी

सरांनी माझ्या बाबांच्या पायाला हात लावला, ते आमच्या घरात अजून कुणी विसरलेलं नाही. मला त्यांच्याकडे नोकरीला लागून आठवडाच झाला होता. मी डबा विसरले म्हणून बाबा तो द्यायला आले. सर बाहेरच्या खोलीत आले, बाबांना नमस्कार केला आणि तसेच खाली बसून त्यांनी बाबांचा उजवा पाय चपलेतून काढून स्वतःच्या गुडघ्यावर घेतला. साठीला टेकलेला, कपाळावर विभूती लावलेला, नांदेडात कितीतरी वर्षं दवाखाना चालवलेला माणूस. बाबा भिंतीला चिकटले.

"ओ डॉक्टरसाहेब, काय करून राहिले! पाप लागंल मला!"

सरांनी डोळे मिटले होते. दोन बोटं पावलावर, मग तीच घोट्याच्या मागे.

"हाय. चांगली हाय," असं म्हणून त्यांनी पाय परत चपलेत ठेवला. "जेवलात का?"

घरी जाऊन बाबांनी आईला सांगितलं, पोरगी एका येड्याकडं कामाला लागलीय, पण माणूस वाईट नाही.

सर असे कुणाचेही पाय धरायचे. बँकेच्या रांगेत, न्हाव्याच्या दुकानात, एकदा तर भर लग्नात नवरदेवाच्या मामाचे. मुलीकडची मंडळी घाबरली. एवढा मोठा माणूस पाय धरतोय म्हणजे लग्न मोडायला निघालंय असं त्यांना वाटलं. मामांच्या पायात नाडी लागत नव्हती, एवढंच होतं. त्यानंतर नातेवाईक सरांना पत्रिका घरपोच देत, पण या म्हणून आग्रह करत नसत.

दवाखान्यांच्या गल्लीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. पूर्वी ते ताप-खोकल्याचे साधे डॉक्टर होते. पुढे त्यांनी सगळं सोडलं आणि एकच काम धरलं. हृदयातून निघालेलं रक्त पायाच्या बोटांपर्यंत पोचतं की नाही, हे मोजायचं. साखरेच्या आजाराचे, तंबाखू-बिडीवाले, जखम भरत नाही म्हणून कंटाळलेले लोक यायचे. सर दंडाला बीपीचा पट्टा बांधून दाब घेत, मग तोच पट्टा घोट्याच्या वर बांधून तिथला घेत. दोन्ही साधारण सारखे आले तर ठीक. घोट्याचा निम्म्यावर आला तर सर मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहायला घेत.

दाब घ्यायला त्यांच्याकडे पेनाएवढा डॉप्लर होता. त्याचा प्रोब, म्हणजे टोक, कातडीवर टेकवला की धमनीतल्या रक्ताचा आवाज खोलीभर ऐकू येतो. मोठ्या दवाखान्यांत पडद्यावर लाल-निळे रंग दाखवणारी यंत्रं आली होती. सरांना त्यांचं कौतुक नव्हतं. "रंग डोळ्याला फसवतंय. कान बरा," म्हणायचे. निरोगी धमनीचा आवाज तीन पावलांचा असतो, असं ते शिकवायचे. एक मोठं पाऊल पुढं, एक छोटं मागं, परत एक छोटं पुढं. धमनी आत बुजत चालली की मागचं पाऊल जातं, मग तिसरं जातं, आणि राहतो तो एकच लांब सुस्कारा. हे सगळे आवाज ते तोंडानं काढून दाखवत. रोग्याच्या बायकोला, सासूला, सोबत आलेल्या शेजाऱ्याला. एखादी म्हातारी हसायची, मग सर आणखी जोरात काढायचे.

तपासताना पंखा बंद. मोबाइल बाहेरच्या खोलीत, स्टीलच्या डब्यात. खिडकीखाली उन्हाळ्यात रसवंती लागायची. तिच्या घुंगरांचा त्रास होतो म्हणून सर स्वतः खाली जाऊन त्या माणसाला पाव तास चरक थांबवायला सांगायचे, आणि तो थांबवायचाही, कारण त्याच्या आईचा पाय सरांनी वेळेत पकडला होता. थंडीत कातडीला लावायच्या जेलची बाटली ते गरम पाण्याच्या तांब्यात ठेवत. "गार लागलं की नस आकसून बसती. लाजाळू असती ती."

मला त्यांनी नोकरी दिली तीही कानामुळे. मी बी.एस्सी. होऊन घरी बसले होते. सर्टिफिकेटं त्यांनी पाहिलीच नाहीत. बाबा काय करतात, एवढं विचारलं. पिठाची गिरणी आहे, मी म्हणाले. "मंग वरचं दाणं संपत आलं की तुला न बघता कळतं का?" मी म्हणाले, हाव, आवाज बदलतो. ज्वारी पडलीय की गहू, तेही कळतं. सर खुश झाले. "मंग तुला शिकवायचं काय राहिलं?"

कंधारला महिन्यातून एका रविवारी आम्ही शिबिराला जायचो. एकदा परतीच्या बसची वाट बघत उभे असताना सरांनी माझा दंड दाबला. समोरच्या रस्त्यावर एक पन्नाशीचा माणूस चालला होता. बांगड्यांच्या दुकानासमोर थांबला, माल बघितला. पुढं गेला, भांड्यांच्या दुकानासमोर थांबला. परत चालला, परत थांबला.

"बाजार करून राहिला असंल सर."

"आता बघ."

तो तिसऱ्यांदा थांबला, आणि एका बंद शटरकडं बघत उभा राहिला.

"बंद शटरमधी काय बघतंय ते?" सर म्हणाले आणि निघाले. बस आली तेव्हा सर रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून त्या माणसाच्या पायाला हात लावत होते आणि तो माणूस ओरडत होता, "अहो, मी तुमचा जावई न्हाई, तुमची गल्लत व्हायलीय!" बस गेली. तो माणूस शाळेत मास्तर होता. पन्नास पावलांवर पोटरी आवळून यायची, लंगडायची लाज वाटायची, म्हणून दुकानं बघायचं सोंग करायचा. घरातही कुणाला सांगितलं नव्हतं. सरांनी त्याला दुसऱ्याच दिवशी नांदेडला आणलं. मास्तरांचा पाय राहिला.

असे किती पाय राहिले ते मी सांगू शकणार नाही. पण एक पाय राहिला नव्हता, आणि तो सरांच्या घरातला होता.

वर्षातून दोन-तीनदा लातूरजवळच्या मुरुडहून त्यांचा धाकटा भाऊ यायचा. मी त्यांना काका म्हणायचे. मुरुडला त्यांचं कापडाचं दुकान. डावा पाय गुडघ्याखाली लाकडी. ते बाहेरच्या बाकावर रोग्यांत बसायचे, चहा प्यायचे, सरांना घरचा खवा आणि काळा मसाला द्यायचे आणि संध्याकाळच्या बसनं परत जायचे. दर वेळी सर दारात येऊन म्हणायचे, "आत ये. उजवा बघू दे." दर वेळी काका म्हणायचे, "राहू दे अण्णा." सर क्षणभर उभे राहायचे आणि आत जायचे. सगळ्या जगाचे न विचारता पाय धरणारे सर या एका पायाला विचारल्याशिवाय हात लावत नसत.

मी एकदा धीर करून काकांना विचारलं. ते म्हणाले, "अण्णा नवा नवा डाक्टर झाला होता. माझी पोटरी दुखायची. त्यानं गोळ्या दिल्या. वरीसभर देत राहिला. पायाला हात लावून बघितलं न्हाई. त्या वक्ताला बघतंय कोण? मग बोट काळं पडलं, आन् मग पाय गेला." एवढं सांगून त्यांनी कपबशी बाकाखाली सरकवली. मला वाटलं, हा माणूस भावाला माफ करत नाही. सरांनाही तेच वाटत होतं.

मी तिथं बाराव्या वर्षात होते तेव्हा सरांनी डॉप्लरचा आवाज वाढवायला सुरुवात केली. आधी थोडा, मग पूर्ण. "ह्याचे सेल कमजोर येऊन राहिलेत," म्हणायचे. मी नवे सेल घालायचे. रसवंतीवाल्याला थांबवायचं त्यांनी सोडलं. मला वाटलं, म्हातारपणी माणूस मऊ होतो. मी पाठीमागून हाक मारली की उत्तर येत नसे. त्यांच्या मुलानं हैदराबादहून कानाचं यंत्र आणून दिलं. ते घातलं की डॉप्लरची शिट्टी होते म्हणून त्यांनी ते टेबलाच्या खणात टाकलं.

त्या पावसाळ्यात नायगावकडची एक कासारीण आली. पासष्टीची, बांगड्यांची पाटी डोक्यावर घेऊन आयुष्यभर गावोगाव फिरलेली. करंगळीजवळ छोटी जखम, दोन महिने भरत नव्हती. सरांनी पंखा बंद केला. प्रोब टेकवला. मला आवाज आला. लांबचा, एकेरी, बारीक वारा फटीतून यावा तसा. मी सरांकडे पाहिलं. ते कपाळाला आठ्या घालून प्रोब हलवत होते. मग त्यांनी पट्टा न बांधताच डॉप्लर बाजूला ठेवला आणि पावलावर बोटं ठेवली. डोळे मिटले. बराच वेळ.

"हाय की," ते म्हणाले. "लागतीय. बारीक हाय पर हाय. मावशी, रक्त येऊन राहिलंय, काळजी करू नका. जखम साफ ठेवा."

मी तोंड उघडलं होतं. मला ते अजून आठवतं, शब्द जिभेवर होता. पण ज्यांनी मला ऐकायला शिकवलं त्यांना तुम्ही चुकलात म्हणायचं, तेही रोग्यासमोर? बारा वर्षांत त्यांची बोटं चुकलेली मी पाहिली नव्हती. मी गप्प बसले. मावशींनी जाताना माझ्या हातात सहा हिरव्या बांगड्या भरल्या.

दीड महिन्यानं जावयानं त्यांना उचलून आणलं. तीन बोटं काळी होती. सरांनी हैदराबादला पाठवलं, पण उशीर झाला होता. गुडघ्याखाली पाय कापला.

ती बातमी आली तेव्हा दुपार होती आणि बाहेर रोगी नव्हता. सर खुर्चीत बसून होते. मी समोर उभी राहिले आणि मोठ्यानं सांगितलं, "सर, त्या दिवशी मला आवाज एकेरी आला होता."

"तुला आला होता?"

"हाव."

"मंग बोलली कामून न्हाईस, पोरी?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते तसेच बसून राहिले. मग त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं समोरच्या लाकडी टेबलावर ठेवली, पायावर ठेवायचे तशीच, हलकी दाबून. डोळे मिटले.

"इथं बी लागतीय," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती त्यांची स्वतःचीच नाडी होती. बोटांच्या टोकाला स्वतःचे ठोके असतात. नीट लक्ष नसलं तर ते रोग्याचे वाटतात. हे त्यांनीच मला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. ऐकू येईना तेव्हा त्यांनी बोटांवर भरवसा टाकला, आणि बोटांनी त्यांना त्यांचंच रक्त दाखवलं.

रविवारी ते मला घेऊन मावशींच्या घरी गेले. मावशी ओसरीवर बाजेवर बसल्या होत्या. सर जमिनीवर बसले. म्हणाले, "मावशी, माझी चूक झाली. मला ऐकू येत नव्हतं आन् मी सांगितलं न्हाई."

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं. "चुकलं म्हनलं म्हनून पाय उगवतोय व्हय डाक्टर?" मग सुनेला हाक मारून म्हणाल्या, "च्या टाक दोघाला."

आम्ही चहा घेतला. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. सरांनी चूक सगळी स्वतःवर घेतली होती. माझं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. तेव्हा नाही, आणि नंतरही नाही.

महिन्याभरात सरांनी खोल्या रिकाम्या केल्या. मला दुसऱ्या एका डॉक्टरांकडे लावून दिलं आणि डॉप्लर माझ्या पिशवीत घातला. "हे तुझं. जे ऐकू येईल ते बोलायचं. समोर कुणी बी असू दे." एवढंच.

घरी ते काय करायचे, कुणास ठाऊक. मी दर पंधरा दिवसांनी भेटायला जायचे. पुस्तक उघडं असायचं, पान तेच असायचं. पायांकडे बघणं त्यांनी सोडलं होतं. मी समोर बसले की माझ्या तोंडाकडे बघायचे, ओठ वाचायला.

मी अशीच गेले असताना एकदा काका आले. बसस्टँडवरून चालत आले होते, लाकडी पायावर भार देऊन, उजवा जपून टेकवत. खुर्चीत बसले आणि दम खात म्हणाले, "अण्णा, आता उजवा दुखायलाय. निजलं की जास्त. पाय खाली सोडला की जरा बरं वाटतंय."

मी ते सरांना मोठ्यानं परत सांगितलं. सरांचा चेहरा उतरला.

"मला ऐकू येत न्हाई आता," ते म्हणाले. "दुसरीकडं दाखव."

"ठाऊक हाय मला," काका म्हणाले. "पर तूच बघ." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं बूट काढला, मोजा काढला आणि पाय पुढं केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

सर खाली बसले. पाय मांडीवर घेतला. त्यांची बोटं सवयीनं पावलाकडे गेली आणि मधेच थांबली. मग त्यांनी बोटं टेकवली नाहीत, दोन्ही हातांनी नुसता पाय धरला आणि मला म्हणाले, "पोरी, तू ऐक. मोठ्यानं सांग."

माझ्या पिशवीत डॉप्लर होताच. मी पंखा बंद केला. जेल गार होतं, ते हातावर चोळून कोमट केलं. प्रोब टेकवला. आवाज आला. दाब घेतला, दोनदा घेतला. काका माझ्याकडे बघत होते. सर माझ्या ओठांकडे.

"एकच पाऊल आहे सर," मी ओरडूनच म्हणाले. "लांबून येतंय. घोट्याचा दाब हाताच्या निम्म्याहून कमी आहे."

सरांनी मान हलवली. "नीट सांगितलंस," म्हणाले. पाय त्यांनी सोडला नाही. काकांच्या गुडघ्यावर कपाळ टेकून ते तसेच बसले. काका त्यांच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, पण ठेवला नाही.

चौथ्या दिवशी हैदराबादला ऑपरेशन झालं. मांडीतून रक्ताला दुसरी वाट करून दिली. पाय वाचला. सर काकांबरोबर मुरुडला गेले ते परत आलेच नाहीत. जखमेची पट्टी रोज स्वतः बदलायचे, असं काका फोनवर सांगायचे. पट्टीची गरज संपली तरी राहिले. सकाळी दोघं दुकानात बसायचे, दुपारी झोपायचे.

गेल्या उन्हाळ्यात सर गेले. मी लातूरला गाडी बदलून मुरुडला पोचले तेव्हा माती होऊन गेली होती. लोक पांगले होते. काकांनी मला दुकानामागच्या खोलीत बसवलं, जिथं सरांची खाट होती. मग म्हणाले,

"बाई, तुमाला एक सांगायचं हाय. माझं बोट काळं पडलं ना, तवा अण्णानं मला सांगितलं होतं. बिडी सोड, पाय ऱ्हाईल. मी आईची शपथ घेऊन सांगितलं, सोडली. सोडली नव्हती. ह्या खोलीच्या मागं बसून ओढायचो. पाय गेल्यावर मग सोडली. त्याला वाटलं, ह्यानं तर बिडी सोडली, तरी पाय गेला, म्हंजे माझ्या गोळ्यांनीच गेला. समदी उमर त्येच मनात घेऊन बसला. मला दिसत होतं. म्हनून मी त्याला पाय दाखवत नव्हतो. त्यानं हातात घेतला असता तर माझ्या तोंडातून निघून गेलं असतं."

"मग त्यांना कधी सांगितलंत?"

"शेवटच्या आठ दिवसांत. खाटंवर बसून सांगितलं. एकदा न्हाई, तीनदा सांगितलं. त्यानं माझा हात धरला. काही बोलला न्हाई."

"लिहून द्यायचं होतं, काका."

"पाटी घेतली होती. माझा हात उचलंना."

बाहेर दुकानात कुणीतरी गिऱ्हाईक आलं आणि वाट बघून गेलं. काकांनी डोळे पुसले नाहीत.

"कोणत्या बाजूनं बोललात?" मी विचारलं.

"ह्या, उजव्या. डाव्या कुशीवर निजून असायचा तो." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमाला त्याच्या कानाचं ठाऊक हाय. ऐकू आलं असंल का बाई त्याला?"

सरांच्या उजव्या कानाला, दवाखाना सुटला तेव्हापासूनच, काहीएक ऐकू येत नव्हतं.

"हाव," मी म्हणाले. "आलं असणार."